दिवाळी ते संक्रांत : रोज एक प्रचि (प्रकाशचित्र). दव, धुकं आणि तिरपं ऊन कसं टिपायचं?

ओंजळ

आपल्याकडे थंडी आल्याचं झाडं सांगत नाहीत. दिवाळी होऊन जाते तरी आंबा, वड, जांभूळ हिरवेगारच. थंडी आधी कळते ती उन्हावरून. पावसाळाभर ऊन न पडलेली खोलीतली फरशी एके दिवशी उजळते, उन्हाचा पट्टा भिंतीकडे सरकू लागतो आणि सकाळी गाडीच्या सीटवर हात ठेवला की ओला होतो. हा सगळा बदल दिवाळी ते संक्रांत रोज एक फोटो काढून पकडायचा असा विचार आहे. पहिले पाच टाकते आहे. सगळे पुणे आणि आसपासचे, पहिला नि चौथा मोबाईलवर, बाकी कॅमेऱ्याने.

प्रचि १ : दक्षिणेच्या खिडकीतून आलेला उन्हाचा पट्टा आणि त्यात ताटात वाळत ठेवलेली आवळासुपारी. किसाच्या कडा तपकिरी होऊन वळल्यात, मीठ चकाकतंय.
प्रचि २ : ज्वारीच्या पानाच्या टोकावरचं दव. एफ २.८, १/१२५, आयएसओ ४०० (म्हणजे भिंगाच्या छिद्राचं माप, शटरचा वेग सेकंदांत आणि सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता, पुढेही याच क्रमाने).
प्रचि ३ : नदीकाठचं धुकं आणि बाभूळ. एफ ८, १/१६०, आयएसओ २००.
प्रचि ४ : डांबरी रस्त्यावर पडलेली बुचाची फुलं.
प्रचि ५ : शेकोटी. एफ १.८, १/३०, आयएसओ ३२००.

तीन शंका. प्रचि २ मध्ये थेंब धूसर का आला? प्रचि ३ मध्ये धुकं पांढरं न दिसता मळकट का दिसतं? आणि रोज एकाच जागेचा फोटो काढायचा तर जागा कशी निवडावी? शिवाय तुम्ही या दिवसांत काय टिपता तेही लिहा, फोटोंसकट.

बाभूळबन

प्रचि १ मधला आवळ्याचा किस फार सुंदर. वाखुसा (वाचनखूण साठवली).

प्रचि ४ बद्दल. डांबर काळं असल्यामुळे मोबाईल सगळं चित्र उजळवतो आणि पांढऱ्या पाकळ्यांतला तपशील जळून जातो. फुलावर बोट दाबून धरा, फोकस कुलूपबंद झाला की शेजारची सूर्याची खूण खाली ओढा, साधारण उणे ०.७ पर्यंत, म्हणजे फोटो जरा गडद होतो. बुचाची फुलं रात्री उमलून पहाटे गळतात. नऊच्या उन्हात त्यांच्या लांब नळ्या मऊ पडतात आणि पाकळ्या आत वळतात. म्हणजे झाडूवाल्यांच्या आधी पोचायचं, साडेसहाला. फुलं गोळा करून रचू नका, पडली तशीच घ्या. पडण्याला स्वतःची एक नक्षी असते.

तिपाई

प्रचि २ चं उत्तर. अगदी जवळून टिपताना एफ २.८ वर स्पष्ट दिसणारी जाडी मिलिमीटरपेक्षाही कमी असते. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर एकास एक मापाने (वस्तू सेन्सरवर खऱ्या आकारात उमटते तेव्हा) एफ ८ ला सुद्धा जेमतेम एक मिलिमीटर मिळते. पान जरा हललं की थेंब त्या जाडीच्या बाहेर. म्हणून :

एफ ८ ते एफ ११ ठेवा. शटर १/२५० च्या खाली नेऊ नका, त्यासाठी आयएसओ बराच वाढवावा लागला तरी चालेल, फोटोत येणारे दाणे परवडतात, हललेला थेंब परवडत नाही. ऑटो फोकस बंद करा. फोकस एकदा लावून कॅमेराच अर्धा-अर्धा मिलिमीटर पुढेमागे करत आठ-दहा फोटो घ्या, एखादा नेमका बसतो. पान थरथरत असेल तर देठाला कपड्याचा चिमटा लावून चिमटा काडीला बांधा, पण पानाला धक्का न देता. थेंब पडला की खेळ संपला.

फोकस थेंबाच्या कडेवर नको, थेंबाच्या आत दिसणाऱ्या चित्रावर हवा. थेंब भिंगासारखं काम करतो, त्यात मागचं दृश्य उलटं दिसतं. मागे पाच ते दहा सेंटिमीटरवर झेंडूचं फूल धरलं तर प्रत्येक थेंबात एकेक झेंडू उमटतो. फूल थेंबाच्या बरोब्बर मागे हवं, बाजूला गेलं की ते थेंबाच्या मध्यावरून सरकतं.

मोबाईलवर मॅक्रो मोड असेल तर दोन ते चार सेंटिमीटरवर जावं लागतं, तेव्हा मोबाईलची स्वतःची सावली थेंबावर पडते. सूर्य समोरून किंवा बाजूने येईल असे उभे राहा.

काळीमाती

ओंजळताई, फोटो छान आहे पण प्रचि २ मधलं ते दव नाही.

दव हवेतून येतं आणि पानाच्या सगळ्या पृष्ठभागावर बारीक, धुरकट ठिपक्यांसारखं बसतं. पानाच्या अगदी टोकाला एकच टपोरा थेंब असेल आणि बाकी पान त्यामानाने कोरडं असेल, तर ते पाणी पिकाने स्वतः बाहेर टाकलेलं असतं. याला बिंदुस्राव म्हणतात. रात्री जमीन ओली, हवा दमट, पानांतून वाफ जायचं थांबलेलं. मुळं मात्र पाणी ओढतच राहतात, मग दाबाने ते पानाच्या टोकातून किंवा कडेच्या छिद्रांतून बाहेर येतं. ज्वारी, गहू, मका यांच्यात टोकाला. टोमॅटो, स्ट्रॉबेरी यांच्या पानांना कडेने मोत्यांची माळ दिसते, प्रत्येक दातऱ्यावर एक थेंब.

फोटोच्या कामाची गोष्ट अशी की आदल्या दिवशी पाणी दिलेल्या रानात हे थेंब हमखास मिळतात, दव पडो न पडो. गव्हाला पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे बांधावर आडवं होऊन बघा, प्रत्येक पातीच्या टोकाला दिवा लावल्यासारखं दिसतं.

हरभऱ्यात शिरताना जपून. त्याच्या पानांवर रात्री आंब सुटते, ती आंबट असते, मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्लं असतात तिच्यात. आपल्याकडे रात्री पिकावर धुतलेलं सुती फडकं पसरून ती गोळा करायची पद्धत आहे, पोटदुखीवर देतात. भिंगावर उडाली तर कोरड्या कापडाने घासू नका. आधी साध्या पाण्याने ओलावलेल्या मऊ कापडाने टिपून घ्या. ट्रायपॉडचे पायही घरी आल्यावर पुसायचे.

ओंजळ

काळीमाती, हे ठाऊक नव्हतं. मथळा बदलते : "ज्वारीचा बिंदुस्राव". पण मग खरं दव कधी पडणार हे आदल्या रात्री कसं ओळखायचं?

घाटवाट

तीन गोष्टी लागतात : आकाश निरभ्र, वारा जवळजवळ नाही आणि हवेत ओल. रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडून गार होते. ढग असले की ती परत फेकली जाते, वारा असला की वरची उबदार हवा मिसळत राहते, म्हणून अशा रात्री दव नाही. हवामानाच्या ॲपमध्ये ड्यू पॉइंट, म्हणजे दव धरू लागतं ते तापमान, दिलेला असतो. रात्रीचं किमान तापमान त्याच्या एक-दोन अंशांवर येणार असेल तर गजर लावा.

आणि झाडाखाली शोधू नका. झाडाचं छत गवताला आकाशापासून झाकतं, तिथलं गवत कमी गार होतं. एकाच मैदानात वडाखाली कोरडं आणि दहा पावलांवर चिंब असं असतं. तीच हद्द टिपली तर चांगला फोटो होतो.

वेळ फार थोडा मिळतो. सूर्य वर आल्यापासून पाऊण ते एक तास. पहिल्या वीस मिनिटांत कोळ्यांची जाळी घ्या. जाळ्याचा फोटो सूर्याकडे तोंड करून, मागे सावलीतलं झाड किंवा भिंत असं काहीतरी काळं ठेवून घ्यायचा, म्हणजे मणी चमकतात. कॅमेरा जाळ्याला तंतोतंत समांतर हवा, नाहीतर अर्धं जाळं स्पष्ट आणि अर्धं गायब. गवतात गुडघ्याखाली रिकामं पोतं घाला. दिवाळीनंतर कुसळी गवत वाळलेलं असतं, कुसळं पँटमध्ये घुसतातच, पण भिंग पुसायच्या कापडात अडकलेलं एक कुसळ भिंगाचं जास्त नुकसान करतं. ते कापड खिशात मोकळं ठेवू नका, डबीत ठेवा.

आता प्रचि ३. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचं सगळं मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. धुकं पांढरं असतं, म्हणून तो फोटो काळवंडवतो. एक्स्पोजर प्लस ०.७ ते प्लस १ द्या, म्हणजे फोटो उजळेल. मोबाईलवर वेगळीच अडचण. तो आपणहून एचडीआर (उजळ-गडद भाग जुळवून घेणारी सोय) लावतो आणि धुक्यातला फिकटपणा दोष समजून काढून टाकतो. एचडीआर आणि 'सीन' ओळखण्याची सोय बंद करा, जमल्यास प्रो मोडमध्ये रॉ (मोबाईलने न सुधारलेली) फाईल घ्या.

दुसरं, धुक्यात जवळ एक गडद वस्तू हवी. बाभूळ तुम्ही वीस-पंचवीस मीटरवर ठेवलीत, ती सात-आठ मीटरवर आणा आणि मागची झाडं दोन-तीन थरांत विरत जाऊ द्या. बाभूळ यासाठी उत्तम, तिच्या फांद्या काट्यांसकट रेघेसारख्या उमटतात.

रानवेध

इतकी यातायात कशाला? फुलझाडांना मारायचा छोटा फवारा आणा, पाण्यात थोडं ग्लिसरीन घाला. थेंब दुपारी बारापर्यंत टिकतात. खाद्यपदार्थांच्या जाहिरातीत सगळे हेच करतात.

काळीमाती

रानवेध, जाहिरातीत करा. इथे धागा ऋतूबद्दल आहे. फवाऱ्याच्या थेंबांना आकाराचा हिशोब नसतो, मोठे-लहान कसेही पडतात. दवाचे ठिपके पानाच्या लवेवर ओळीने बसतात, जाळ्यावर सारख्या अंतराने. माहीतगाराला पहिल्या नजरेत कळतं. आणि ग्लिसरीन कोळ्याच्या जाळ्यावर किंवा फुलपाखरावर मारू नये. कोळ्याचा धागा खराब होतो, पुन्हा विणायला त्याला राबावं लागतं.

रानवेध

किड्यांवर मारू नये हे शंभर टक्के मान्य. घरच्या कुंडीतल्या गुलाबावर मारायला मात्र माझी हरकत नाही, मथळ्यात तसं लिहिलं की झालं. फोकसचा सराव करायला फवारा फार चांगला, खऱ्या दवाच्या दिवशी चाचपडावं लागत नाही.

तिपाई

सरावाचा मुद्दा बरोबर आहे. +१

मध्यान्ह

ओंजळ यांचा तिसरा प्रश्न मागे पडला. रोज एकाच जागेचा फोटो काढायचा तर उत्तर प्रचि १ मध्येच आहे : तुमची दक्षिणेची खिडकी.

कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरातला किरणोत्सव आठवा. मावळतीची किरणं गाभाऱ्यात पोचण्याचे दिवस ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी. मधला दिवस साधारण २१ डिसेंबर. सूर्य दक्षिणेकडे जाताना ज्या जागेवरून गेला, त्याच जागेवरून परत येतो, म्हणून तारखा जोडीने येतात. हाच हिशोब प्रत्येक घराला लागू आहे. तुमच्या खोलीत १० नोव्हेंबरला दुपारी ऊन जिथे पोचतं तिथेच ते १ फेब्रुवारीच्या सुमारास पुन्हा येईल. तशीच २१ नोव्हेंबर आणि २१ जानेवारी, १ डिसेंबर आणि ११ जानेवारी या जोड्या.

पट्टा किती सरकेल तेही मोजता येतं. पुण्यात माध्यान्हीला सूर्य ९ नोव्हेंबरला क्षितिजापासून सुमारे ५४.७ अंशांवर असतो, २१ डिसेंबरला ४८.१ अंशांवर. खिडकीची वरची कड जमिनीपासून ७ फूट असेल तर ऊन आत ५ फुटांवरून सव्वासहा फुटांपर्यंत पोचतं. सहा आठवड्यांत सव्वा फूट. फोटोत दिसण्याइतकं आहे.

मात्र घड्याळाचे बारा धरू नका. पुण्यात सूर्य सर्वात उंच असतो तो ९ नोव्हेंबरला साधारण १२:१८ ला, २१ डिसेंबरला १२:३३ ला आणि ३१ जानेवारीला १२:४८ ला. रोज ठीक साडेबाराला फोटो काढलात तर पट्टा खोल जाण्याबरोबर तिरकाही सरकलेला दिसेल, आणि जानेवारीअखेरचा फोटो नोव्हेंबरच्या फोटोशी जुळणार नाही. याच कारणाने पुण्यात सर्वात लवकर सूर्यास्त नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात होतो, सहाला दोन-तीन मिनिटं कमी असताना, आणि सर्वात उशिरा सूर्योदय संक्रांतीच्या आसपास, सातनंतर. सर्वात लहान दिवस मात्र डिसेंबरातच.

बाभूळबन

प्रत्येक घरात किरणोत्सव! याच एका ओळीसाठी धागा पुन्हा वर आणावासा वाटतो.

बदामपान

मुंबई-कोकणातून. इथे दव आहे, धुकं क्वचित, थंडी नावाला. पण झाडं काहीच सांगत नाहीत हे पूर्ण मान्य नाही. देशी बदामाकडे बघा. डिसेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत त्याची पानं गळण्याआधी लालभडक होतात, एकेक पान वीतभर लांब. एकाच पानात लाल, शेंदरी, पिवळा आणि शिरेजवळ उरलेला हिरवा. पान देठाला धरून सूर्यासमोर धरा, मागे सावलीतली भिंत, एक्स्पोजर पानाच्या लाल भागावर. व्हाइट बॅलन्स (रंगांचा गार-उबदार तोल) ऑटोवर ठेवू नका, तो लाल रंगाला गार करून टाकतो. उन्हाचं चिन्ह किंवा ५२०० केल्विन.

उत्तरध्रुव

टोरांटोहून. इथली पानगळ आणि तिथली यात मूळ फरक कारणाचा आहे. इथे मेपल दिवस लहान होताना आणि थंडी पडताना हिरवं द्रव्य मोडतं, ऑक्टोबरात पेटतं आणि नोव्हेंबरात रिकामं होतं. साग, पळस, काटेसावर पानं टाकतात ती जमिनीतली ओल सरल्यामुळे, म्हणून तिथली पानगळ जानेवारीपासून पुढे. आपली पानगळ खरंच शिशिरातच येते.

मध्यान्ह यांच्या हिशोबाला जोड : इथे २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य जेमतेम २३ अंशांवर असतो, माणसाची सावली त्याच्या उंचीच्या जवळजवळ २.४ पट. म्हणून इथे दिवसभर कधीही फोटो काढला तरी उजेड तिरपाच. पुण्यात तीच सावली माणसाच्या उंचीच्या ०.९ पट, म्हणून तिथे दुपारी अकरा ते तीन कॅमेरा ठेवून द्यावा, खोलीतल्या पट्ट्याचा अपवाद सोडून.

बर्फासाठी प्लस १ ते प्लस १.७. बॅटरी शर्टाच्या आतल्या खिशात. घरात शिरण्याआधी, बाहेरच, कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करायचा आणि घरात आल्यावर तासभर तरी पिशवी उघडायची नाही. पाणी पिशवीवर जमतं, भिंगावर नाही.

घाटवाट

पिशवीचा नियम महाबळेश्वरलाही लागू आहे. वेण्णा तलावाच्या काठी दव गोठतं तेव्हा हवेचं तापमान चार-पाच अंश असू शकतं. वाचायला चूक वाटतं, पण तापमापक सुमारे सव्वा मीटर उंचीवर असतो आणि गवताची पाती त्याहून कितीतरी गार झालेली असते. तो बर्फ टिपायचा तर उजाडण्याआधी पोचायला हवं, ऊन लागलं की दहा-पंधरा मिनिटांत पाणी. स्ट्रॉबेरीच्या पानांच्या कडा आणि काठावरच्या होड्यांच्या फळ्या आधी बघा.

रात्री ताऱ्यांचे फोटो घेणाऱ्यांनी भिंगावर हूड (पुढे येणारी नळीसारखी कड) लावावं. भिंगाची काच उघड्या आकाशाखाली गवतासारखीच गार होते आणि तिच्यावर दव बसतं, फोटो हळूहळू धुरकटत जातात आणि चूक फोकसची वाटते. दर दहा मिनिटांनी टॉर्च तिरका धरून काच तपासा. पुसण्यापेक्षा भिंगाभोवती हात गरम करायची छोटी पुडी रबराने बांधणं चांगलं.

काळीमाती

विषय निघालाच आहे तर लातूर-धाराशिवकडची येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, शेतात साजरा होणारा सण. गावं रिकामी आणि रानं भरलेली, असा दिवस वर्षातून एकदाच येतो. कडब्याची कोप (खोपी), आत चुना लावलेले पाच दगड म्हणजे पाच पांडव, मातीच्या भांड्यात आंबील, भज्जी, उंडे. फोटोची अडचण कोपीतच असते : आत अंधार, दारातून रखरखीत ऊन. दोन्ही एका फोटोत बसत नाहीत. फ्लॅश मारला तर कडब्याच्या कांड्या चपट्या होतात आणि पांडवांवर पांढरा डाग येतो. दाराबाहेर उन्हात पांढरं धोतर किंवा चादर अंथरा, त्यावरून उसळलेला उजेड मऊ होऊन आत येतो. प्रकाश चेहऱ्यावर मोजा, दाराबाहेरचं जळू द्या.

हुरड्याचं वेगळं. गूळभेंडी किंवा सुरती या हुरड्याच्या ज्वारीचा फिका हिरवा रंग हीच त्याची ओळख, आणि तोच फोटोत हरवतो, कारण आगटीतल्या निखाऱ्याचा तांबडा उजेड त्याच्यावर पडतो. कणीस चोळून झालं की परडी आगटीपासून चार पावलं दूर, झाडाच्या सावलीत आणा आणि मग फोटो घ्या. आगटीजवळ टिपायचं ते हातांचं काम. दुपारी साडेचारनंतर सूर्याकडे तोंड करून, १/५०० ला, कणीस चोळताना उडणारा कोंडा आणि राख सोन्यासारखी दिसते.

उत्तरध्रुव

काळीमाती, पुढच्या वेळी परडीशेजारी शेंगदाण्याची चटणी दिसली तर फोटो बघताच तिकीट काढावं लागेल.

पिवळाजर्द

मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला जेजुरीला कॅमेरा नेणाऱ्यांसाठी. भंडारा पिठासारखा बारीक असतो आणि ओल लागली की चिकटतो. तिथे भिंग बदलायचंच नाही, एकच झूम लावून जा. पुढे साधा यूव्ही फिल्टर, कॅमेऱ्यावर पारदर्शक पिशवी, पुढची कड फिल्टरला रबराने घट्ट. झूम आत-बाहेर सरकणारं असेल तर ते हवेबरोबर भंडारा आत ओढतं, म्हणून उधळण सुरू असताना झूम फिरवू नका.

परत आल्यावर आधी फुंकणी, मग मऊ कुंचला, सगळ्यात शेवटी कापड. उलट केलं तर हळद काचेवर सारवली जाते. कॅमेऱ्याच्या पट्ट्यावरचा डाग साबणाने धुतलात तर तो लाल होतो, घाबरू नका. पट्टा दोन-तीन दिवस कडक उन्हात टाका, हळदीचा रंग उन्हात उडतो.

एक्स्पोजर उणे ०.३ ते ०.७, पिवळा रंग फार पटकन जळतो आणि मग सगळी उधळण एकच सपाट पिवळी होते.

पाणथळ

पक्ष्यांबद्दल थोडक्यात. नांदूर मध्यमेश्वर, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचं, जानेवारी २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झालं. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) येतात. उडत्या रोहितांना १/२००० हवं. नावाड्याला थवा उठवायला सांगू नका. हजारो किलोमीटर उडून आलेला पक्षी चरत असताना त्याला उगाच उडवणं म्हणजे त्याचं जेवण हिसकावणं. आणि रोजच्या फोटोंसाठी इतकं लांब जायची गरज नाही. गच्चीवर शेपूट नाचवणारा धोबी पक्षी ऑक्टोबरात येतोच.

तिपाई

प्रचि ५ शेकोटी. १/३० ला माणसं हलली आहेत आणि ज्वाळा पांढरी पडली आहे. आयएसओ आहे तोच ठेवून १/१२५ ला या. चेहरे थोडे गडद राहतील, राहू द्या, ज्वाळेला रंग येईल. व्हाइट बॅलन्स ३२०० ते ३५०० केल्विन, उष्णता राहते पण चेहरे भगवे होत नाहीत. ज्वाळा मोठी असताना घेऊ नका, लाकूड बसून निखारे झाले की उजेड मऊ आणि स्थिर होतो. सर्वात चांगली वेळ सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांची, आकाशात निळं शिल्लक असताना. त्रिपुरी पौर्णिमेच्या दीपमाळेलाही हीच वेळ, पूर्ण अंधार झाला की दगड दिसत नाही, नुसते ठिपके उरतात.

बाभूळबन

आणि शेकोटीभोवतीच्या माणसांना विचारून घ्या. पहाटे रस्त्याकडेला शेकत बसलेले बरेचदा रात्रपाळीचे रखवालदार, ऊसतोड कामगार, उघड्यावर झोपणारे असतात. त्यांचं गारठणं आपल्या फोटोची शोभा नाही. आधी बसा, बोला, मग विचारा. नाही म्हणाले तर हातांचा आणि विस्तवाचा फोटो घ्या, तोही नको म्हणाले तर कॅमेरा बंद.

रानवेध

याला माझं पूर्ण अनुमोदन.

प्रचि ३ परत पाहिला. ते सगळं धुकं आहे का? डावीकडचा थर मला धुरकं वाटतो.

घाटवाट

रानवेध, नजर पक्की आहे तुमची. ओळखायची खूण अशी : धुकं सूर्याकडे बघितलं काय, पाठ करून बघितलं काय, पांढरंच. धूर सूर्याकडे बघताना तपकिरी-पिवळा आणि काळ्या झाडीसमोर निळसर. डावीकडे निळसर छटा स्पष्ट आहे, कुठेतरी पाचट किंवा कचरा पेटलेला असणार. धुकं ऊन चढलं की विरतं. धुरकं वरच्या उबदार हवेच्या झाकणाखाली दहा-अकरापर्यंत अडकून राहतं. मळकटपणाचं निम्मं कारण एक्स्पोजर, निम्मं हे. मथळ्यात दोन्ही लिहा, म्हणजे काही वर्षांनी कुणी बघेल तेव्हा नदीकाठी काय होतं ते कळेल.

ओंजळ

सगळ्यांचे आभार. प्रचि २, ३ चे मथळे बदलले.

रोजच्या जागेचं ठरवलं : प्रचि १ चीच खिडकी. मध्यान्ह यांच्या तारखांप्रमाणे दर दहा दिवसांनी माध्यान्हीच्या मिनिटाला पट्ट्याचा फोटो, आणि मधल्या दिवसांत दव, पानं, लोक, जे मिळेल ते. फरशीवर पट्टा संपतो तिथे एक टिकली चिकटवायची, कॅमेरा दाराच्या चौकटीला टेकवून, चौकटीवर पेन्सिलीची खूण. फाईलला नाव वर्ष-महिना-दिवस-वेळ या क्रमाने, म्हणजे आपोआप ओळीने लागतात. आणखी काही राहिलं का?

मध्यान्ह

एक राहिलं, ते माझ्याच हिशोबात नव्हतं. खिडकीवर छज्जा असेल तर ऊन खिडकीच्या कडेने नाही, छज्जाच्या कडेने कापलं जातं. छज्जा दीड फूट पुढे असेल तर दोन्ही आकड्यांतून दीड फूट वजा करा : साडेतीन फुटांवरून पावणेपाच फुटांपर्यंत. सरकणं तेवढंच राहतं, सव्वा फूट. आणि माप भिंतीच्या बाहेरच्या कडेपासून घ्या, आतल्या नाही. भिंत नऊ इंची असेल तर पाऊण फूट तिथेच जातो.

तिपाई

टिकली कागदी नको, फरशी पुसताना निघून जाईल. फरशीच्या सांध्यापासूनचं अंतर पट्टीने मोजून वहीत लिहा.

ओंजळ

मोजलं. छज्जा एक फूट चार इंच, भिंत नऊ इंच. आज पट्टा आतल्या भिंतीपासून दोन फूट अकरा इंचांवर, तिसऱ्या फरशीच्या सांध्याच्या एक इंच अलीकडे. फोटो १२:१८ चा, प्रचि ६. आवळासुपारीचं ताट पट्ट्याच्या आतच ठेवलंय.